क्षेत्रकार्याचा घटक आणि वर्गाबाहेर जाणारा शिक्षक

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण हा विषय शिक्षणक्रमात अनिवार्य करण्यासंबंधी निर्देश दिले. त्यांना अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३-०४ च्या सुमारास सर्व विद्याशाखांच्या पदवी वर्गांसाठी ८ घटकांचा, ५० तासिकांचा अभ्यासक्रम सिद्ध केला. त्यातील शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा. त्याला ५ तासिका आणि १०० पैकी २५ गुण देण्यात आले. एकदशांश वेळेला एकचतुर्थांश गुण, यावरून आयोगाला या घटकाचे महत्त्व पटले होते हे स्पष्ट होते. पुढे श्रेयांक पद्धती आली, अभ्यासक्रमही बदलले. परंतु या घटकामागील गृहीतकाची चिकित्सा फारशी झालेली दिसत नाही.

हे गृहीतक ‘भेट’ या शब्दात दडलेले आहे. नदी, वन, गवताळ प्रदेश किंवा डोंगर यांना भेट द्यावी, प्रदूषित स्थळाला भेट द्यावी, अशी या घटकाची भाषा आहे. भेट म्हटली की ती एकदाच घडते आणि दूर कुठेतरी घडते. मग बस, पालकांची संमतिपत्रे, प्राचार्यांची परवानगी आणि शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असा सारा व्याप उभा राहतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातील १४ विद्यार्थी बुडाले. अशा घटनांनंतर प्राचार्य सावध झाले तर त्यांना दोष देता येणार नाही. परिणामी अनेक ठिकाणी भेट कागदावरच होते आणि प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून बांधून येतो. ज्या शिक्षकाचा कार्यभार अपुरा पडतो त्याच्याकडे हा विषय सोपवला जातो, ही बाबही सर्वपरिचित आहे. मराठीच्या किंवा वाणिज्याच्या शिक्षकाला झाडांची नावे येत नाहीत म्हणून तो संकोचतो आणि वर्गातच थांबतो.

त्याला साहाय्य करील असे पुस्तक मराठीत आहे, मात्र ते पर्यावरणाच्या कपाटात नसते. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आपण ललित गद्य म्हणून शिकवतो. त्याची शैली, प्रतिमा, संवेदनशीलता यांवर प्रश्न काढतो. या पुस्तकाची रचना ही निरीक्षणाची एक पद्धती आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. चैत्रापासून एकेका महिन्याला एक लेख. पाहणारी व्यक्ती तीच राहते, काळ बदलतो आणि बदल नोंदवला जातो. येथे भेट नाही, पुनर्भेट आहे. दूर जाण्याची गरजही त्यामुळे उरत नाही.

या पद्धतीने महाविद्यालयाचे वेळापत्रक तपासले असता एक विसंगती दिसते. सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात, तेव्हा गवत वाळलेले असते. तेरडा श्रावण-भाद्रपदात फुलतो, त्या वेळी वर्ग भरलेले असतात पण कोणी बाहेर पडत नाही. पळस फुलतो तेव्हा परीक्षेची तयारी चालू असते. बहावा आणि ताम्हण फुलतात तेव्हा परीक्षा किंवा सुट्टी. ताम्हण हे आपले राज्यफूल असूनही पुष्कळ विद्यार्थ्यांना ते ओळखता येत नाही, याचे एक कारण येथे असावे. दसऱ्याला ‘सोने’ म्हणून आपट्याऐवजी कांचनाची पाने सर्रास दिली जातात. ही दोन पाने शेजारी ठेवून आकार, जाडी आणि शिरा पाहायला लावणे हा वीस मिनिटांचा पाठ आहे. त्यासाठी ना बस लागते ना परवानगी.

कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुले कुरणात होती म्हणून शिक्षण कुरणात गेले. त्या प्रयोगाचा संदर्भ बालशिक्षणाचा आहे, तो जसाच्या तसा पदवी वर्गाला लागू करणे योग्य नव्हे. पण शिकण्याची जागा कोणी ठरवायची, हा त्यातला प्रश्न आपल्यालाही लागू पडतो.

शिक्षकाला द्यावयाचे साहाय्य म्हणजे आणखी एक जाडजूड मार्गदर्शिका नव्हे. आवारातील दहा झाडांची यादी, प्रत्येकाचा पालवीचा, फुलांचा व फळांचा महिना आणि तासिकेतील वीस मिनिटे बाहेर घालवण्याची लेखी मुभा एवढे पहिल्या वर्षी पुरेसे आहे. यादी करताना महाविद्यालयाच्या माळ्याला सोबत घ्यावे. वनस्पतिशास्त्राच्या विभागाइतकीच त्याचीही माहिती उपयोगी पडते. प्रत्येक विद्यार्थ्याने एक झाड निवडून जुलैपासून मार्चपर्यंत पंधरवड्याला एक तारीखवार नोंद करावी आणि क्षेत्रकार्याचे गुण या नोंदवहीवर द्यावेत. पावसाळी सत्रातली वही आणि उन्हाळी सत्रातली वही सारखी असूच शकत नाही, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानाचा येथे फारसा उपयोग होणार नाही.