वरंध घाटाच्या प्रवासवर्णनात कर्ता कोण?

प्रवासवर्णन संदर्भ म्हणून वापरलं तर गाईड चालवून घेतील का, हा प्रश्न सिनॉप्सिसच्या दिवसांत हमखास निघतो. चालवून घेतील. मात्र त्यातून माहिती उचलण्याआधी एक साधं काम करा. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. शाळेत व्याकरणाच्या तासाला केलं तेच. मजकूर कुणाच्या बाजूने उभा राहून लिहिलाय हे त्यातून जितकं कळतं, तितकं तीन सिद्धान्तांची नावं घेऊनही कळत नाही.

उदाहरणाला वरंध घाट घेऊ. भोरहून महाडला उतरणाऱ्या या घाटावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलंय आणि त्यातल्या बऱ्याच लेखांचा साचा एकच आहे. नीरा-देवघर धरणाचं पाणी, मग धुकं, मग वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि चहा, माकडं, खाली माझेरी, आणि शेवटी शिवथरघळ. (महाडला पोचूनही चवदार तळं यादीत नसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २० मार्च १९२७ ला तिथे जे घडलं, ते ‘वन डे पिकनिक’मध्ये कुठे बसवायचं हे लिहिणाऱ्याला कळत नसावं.) आता कर्ते बघा. धुकं उतरतं, धबधबे कोसळतात, घाट साद घालतो, मन हरखून जातं. माणूस येतो तो भजीवाला म्हणून, किंवा ‘स्थानिक लोक सांगतात’ एवढ्यापुरता. हे लोक कोण, कुठल्या वाडीतले, कधी सांगितलं, काही नाही. व्हायव्हात असं वाक्य वाचून दाखवा, पुढचा प्रश्न काय येईल ते तुम्हाला माहीत आहे.

या लेखांत हमखास असणारं आणखी एक वाक्य म्हणजे ‘हा सगळा भाग ज्वालामुखीतून तयार झाला आहे’. विधान खरं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्दच पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, आणि घाटात उभं राहून समोरच्या डोंगराकडे पाहिलं की त्या पायऱ्या दिसतात. माझी तक्रार वाक्य तिथेच थांबतं याबद्दल आहे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो. काळ्या दगडाच्या भेगांतून मुरलेलं पाणी अशा ठिकाणी अडतं आणि बाजूने पाझरतं. जिथे पायरी रुंद आणि पाणी जवळ, तिथे वाडी. सह्याद्रीतल्या कितीतरी वस्त्यांची जागा अशी ठरलेली आहे. कावळ्या किल्ल्याच्या कातळात खोदलेली नऊ टाकी या रस्त्यालगतच आहेत, पण लेखात ती ‘पाहण्यासारखी ठिकाणं’ म्हणून येतात. कुणीतरी तो दगड ओळखून, पाणी कुठे टिकेल हे जाणून ती खोदली, म्हणजे तिथे एक कर्ता होता, हे निसटतं.

हाच मराठी प्रवासी न्यूझीलंडला गेला की मात्र वेगळं लिहितो. रोटोरुआच्या गरम झऱ्यांवरचा लेख ‘समृद्ध माओरी संस्कृती’ हे शब्द घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. स्वागताची रीत, लाकडावरचं कोरीव काम, जमिनीतल्या वाफेवर शिजवलेलं जेवण, सगळं तपशिलात. ज्वालामुखीचा प्रदेश आणि तिथले लोक एकाच वाक्यात येतात. मग घरच्या ज्वालामुखी प्रदेशात संस्कृती का दिसत नाही? तिथे तिकीट आहे आणि इथे नाही, हे सोपं उत्तर झालं. त्यात थोडं तथ्य आहेही, पण ते पुरेसं नाही.

कारण रोटोरुआच्या परिसरातले लोक वर्णनाचे कर्ते आपोआप झाले नाहीत. एकोणिसाव्या शतकात तारावेरा डोंगराजवळच्या गुलाबी आणि पांढऱ्या नैसर्गिक पायऱ्या बघायला युरोपातून लोक येत. तिथली वाटाड्यांची आणि नावांची व्यवस्था तुहोउरांगी लोकांच्या हातात होती, फोटो काढायचेही ते पैसे घेत. त्या काळच्या गोऱ्या प्रवाशांनी या पैशांबद्दल कुरकुर लिहून ठेवली आहे. ती वाचताना लोभी माओरींचं चित्र उभं राहतं. कर्ता बदलून वाचा, तर आपल्या जागेवरचा हक्क सांभाळणारे लोक दिसतात. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेराचा उद्रेक झाला, त्या पायऱ्या गाडल्या गेल्या आणि शंभराहून अधिक माणसं मेली, बहुतेक माओरी. सोफिया हिनेरांगी या वाटाड्या बाईच्या घरात आसरा घेतलेले पुष्कळ जण वाचले.

उरलेले तुहोउरांगी पुढे व्हाकारेवारेवाला राहायला गेले. तिथेच पुढे माकेरेती, म्हणजे पाहुण्यांच्या तोंडी ‘गाईड मॅगी’, प्रसिद्ध झाली. ही बाई नंतर ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकली आणि आपल्याच लोकांवर प्रबंध लिहिला. १९३० मध्ये, परीक्षेच्या थोडं आधी ती वारली. पुस्तक १९३८ मध्ये निघालं. ऑक्सफर्डने तिला मरणोत्तर पदवी दिली ती २०२५ मध्ये. वाटाड्या ते संशोधक, म्हणजे ‘स्थानिक लोक सांगतात’ यातलं स्थानिक माणूस स्वतः लिहायला बसलं. तिच्या पुस्तकालाही प्रश्न विचारता येतात, विचारावेत. पण ते प्रश्न एका लेखिकेला विचारलेले असतात.

त्याच १९३० साली आपल्याकडे काय झालं? धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शिवथरघळ शोधून काढली. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला अशी परंपरा आहे, ती जागा हीच, हे त्यांनी मांडलं. देवांनी समर्थ वाङ्मयासाठी आयुष्य घातलं, त्या कष्टांबद्दल शंका नाही. शंका ‘शोध’ या क्रियापदाबद्दल आहे. कुंभे शिवथर, कसबे शिवथर, आंबे शिवथर ही गावं तिथेच होती. धबधब्याआडची घळ गावाला हरवलेली नव्हती. हरवला होता तो जागेचा आणि ग्रंथाचा संबंध. म्हणजे देवांनी ओळख पटवली. ‘ओळख पटवली’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: कुणाच्या मदतीने, कुठल्या खुणांवरून? ‘शोध लावला’ म्हटलं की प्रश्न मिटतो. थिसिसमध्ये क्रियापद निवडताना एवढा फरक पडतो.

याची जुनी मुळं हवी असतील तर १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. आपण सगळे त्यातून उतरवून घेतो, मीही घेते. त्याची रचना बघा. आधी भूवर्णन, मग लोकसंख्या, आणि पार शेवटी पाहण्याजोगी ठिकाणं. डोंगर एका प्रकरणात, माणसं दुसऱ्या, देऊळ तिसऱ्या. राज्यकारभाराला ही विभागणी सोयीची होती. आपल्या सहलीच्या लेखांनी ती तशीच उचलली. दा. ध. कोसंबींनी नेमकं उलट केलं. ते पुण्याच्या आसपास पायी हिंडले, धनगरांशी बोलले आणि आडवाटेवरच्या देवींची ठाणी जुन्या वाटांशी जोडून वाचली. त्या नजरेने पाहिलं तर घाटमाथ्यावरची वाघजाई ही भज्यांच्या टपऱ्यांमागचं देऊळ राहत नाही. वाट कुठून जात होती आणि वाटेवर भीती कशाची होती, याचा तो पुरावा ठरू शकतो.

हीच फाळणी मोठ्या पातळीवरही दिसते. युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाट २०१२ मध्ये गेला, निसर्ग म्हणून. रायगड आणि प्रतापगड २०२५ मध्ये गेले, मराठ्यांचे किल्ले म्हणून, संस्कृती या खात्यात. दगड तोच. न्यूझीलंडचा टोंगारिरो १९९० मध्ये निसर्ग म्हणून यादीत आला आणि १९९३ मध्ये त्याच डोंगराला माओरींच्या नात्यासाठी सांस्कृतिक मान्यताही मिळाली. लगेच हुरळून जायचं कारण नाही. ती शिखरं १८८७ मध्ये तिथल्या प्रमुखाने सरकारला ‘भेट दिली’ असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, आणि ‘भेट’ हाच शब्द पुढे तिथल्या वाइटांगी न्यायाधिकरणापुढे वादाचा ठरला. क्रियापदांचं भांडण तिकडेही आहे. फरक एवढाच की ते लेखी आहे, त्यात दुसरी बाजू नावानिशी हजर आहे.

इकडे काय लेखी आहे? जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये, ऐंशीहून अधिक माणसं. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीत. बातम्यांतलं वाक्य एकच: दरड कोसळली. कर्ता दरड. त्यानंतरच्या सहलीच्या लेखांत ही गावं आली तर ‘घाट सध्या बंद असल्याने आधी चौकशी करून जा’ या सूचनेच्या रूपात.

भूस्खलनाच्या आधीची चिन्हं कुठलीही मार्गदर्शक पुस्तिका सांगते: झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, नवा पाझर फुटणं, झाडं आणि खांब कलणं, उतारावर भेगा पडणं. हे सगळ्यात आधी दिसतं ते रोज पाणी भरणाऱ्या बाईला आणि गुरं घेऊन वर जाणाऱ्याला. वरंधवरच्या लेखांचा तुमचा गठ्ठा कितीही मोठा असला, तरी तिने कुठल्या वर्षी काय पाहिलं हे त्यात सापडणार नाही. पाण्याचं वर्णन मात्र सापडेल, दर पानावर, शुभ्र आणि फेसाळ.