मरियम आणि बालक : भक्तिचित्राच्या भाषांतराचा प्रश्न

अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराने मरियमेला साडी नेसविली, एवढ्यावरच त्याच्याविषयीची चर्चा बहुधा थांबते. वस्तुतः वेष बदलणे सोपे असते. कठीण असते ते मुद्रेचा अर्थ दुसऱ्या संस्कृतीत नेणे. या चित्रांचे मूल्यमापन त्या निकषावर व्हावयास हवे.

तुलनेसाठी जोव्हान्नी बेल्लिनीचे 'कुरणातील मरियम' (सुमारे १५००–१५०५, नॅशनल गॅलरी, लंडन) हे चित्र घेता येईल. येथे मरियम सिंहासनावर नाही. ती भुईवर बसली आहे. बालक मांडीवर निजले आहे आणि तिचे हात त्याच्यावर जोडलेले आहेत. त्या शिथिल देहात पुढील मृत्यूची सूचना आहे. मागे पांढरा पक्षी सर्पाशी झुंजतो. निष्पर्ण झाडावर काळा पक्षी बसला आहे. माता पुत्राला वंदन करते, ती त्याचे भवितव्य जाणून.

मराठी प्रेक्षकाला येथे यशोदा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य वरवरचे आहे. बालकृष्णाच्या मुखात विश्व पाहूनही यशोदेचे वात्सल्य त्या ज्ञानावर पडदा टाकते, आणि लीलेचे माधुर्य त्या विस्मृतीतच आहे. मरियमेच्या वात्सल्यातून मात्र ज्ञान वजा होत नाही. वारकऱ्यांची विठाई तर याहून निराळी : तेथे देव माता आणि भक्त लेकरू, येथे देवच लेकरू.

हा पेच भाषेला जुनाच परिचित आहे. कोकणीभाषक ख्रिस्ती समाजाने मरियमेस 'सायबीण' म्हटले. मूळ शब्द अरबी, स्त्रीवाचक प्रत्यय देशी, आणि आशय ख्रिस्ती. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्सने ओवी घेतली, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही घेतला. मात्र त्या शब्दाचा नवा अर्थ सिद्ध केला तो सभोवतालच्या कथनाने. एकटा शब्द भाषांतर करीत नाही, संदर्भ करतो.

फोन्सेकाने अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडून बंगाली संप्रदायाची संयत रेषा घेतली आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढली. गोव्यात त्याच्या चित्रांना विरोध झाला. मूळ प्रतिमा बिघडते, हा आक्षेप मात्र टिकत नाही. कारण बेल्लिनीच्या मरियमेमागील भूमीही पॅलेस्टाइनची नाही, ती व्हेनिसच्या आसपासची आहे. मूळ मानले गेलेले चित्रच एक भाषांतर होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे फोन्सेका साडी आणि घरगुती गोडव्यावर विसंबतो, तेथे चित्र यशोदेचेच होते. वैकुंठ शब्द आला, कथन आले नाही. जेथे खाली वळलेली दृष्टी व आवरलेले हात वात्सल्याला जाणिवेचे वजन देतात, तेथे साडी हा वेष राहत नाही. ती त्या आशयाची भाषा होते. त्याचे यश मोजावयाचे ते अशा चित्रांवरून.