अक्षर आधी की मत?

प्रौढशिक्षणावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक गृहीत न तपासता पुढे सरकते : निरक्षर माणूस म्हणजे अपुरा नागरिक, तो साक्षर झाला की लोकशाही बळकट होईल. मला हा क्रमच उलटा वाटतो.

ब्राझीलमध्ये १९८५ पर्यंत निरक्षरांना मत नव्हते. पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकोस येथे सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत लिहावाचायला शिकवले, तेव्हा तेथे साक्षर होणे म्हणजे मतदार होणे होते. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेरे तुरुंगात गेले ते उगीच नव्हे. आपल्याकडे मत आधी आले. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास, तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकार होता. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, आणि ज्यांनी शाळेचे दार लावून घेतले त्यांनीच निरक्षरतेची सबब सांगून मत नाकारू नये, ही बाबासाहेबांची सायमन कमिशनच्या काळातली भूमिका.

तीच सबब २०१४ मध्ये राजस्थानने पुन्हा काढली. सरपंचाला आठवी पासची अट आली. हरियाणातील अशाच अटी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवल्या. शिक्षणानेच बरे-वाईट कळते, असे तर्कट त्यामागे होते. (अस्पृश्यता पाळणारे तर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले होते!) राजस्थानने ती अट २०१९ मध्ये मागे घेतली.

आणि याच राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या भरवल्या. गावात मस्टर मोठ्याने वाचले जाई. कामावर न गेलेल्यांच्या, मेलेल्यांच्या नावावरही मजुरी उचललेली निघे. ऐकणाऱ्यांत कितीतरी अंगठेबहाद्दर होते. खोटे कोणते हे त्यांनीच उभे राहून सांगितले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे हा दबाव आहे. याला प्रौढशिक्षण म्हणायचे नाही, तर कशाला?

२ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमात साक्षरता, कार्यात्मकता आणि सामाजिक जाणीव अशी तीन अंगे कागदावर होती. पहिले अंग मोजता येते, म्हणून तेवढेच उरले. तिसऱ्याला गावचा पाटील घाबरतो आणि अनुदान देणारे खातेही. माझ्या पाहण्यातल्या वाचनपुस्तिका स्वच्छता, बचत, छोटे कुटुंब यांवर भरभरून बोलतात. जणू दारिद्र्य हे गरिबाच्या सवयींतून आले! किमान वेतन किती, गायरानावर हक्क कुणाचा, ग्रामसभेचे इतिवृत्त कोण लिहितो, हे धडे त्यांत नाहीत. १८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा अक्षराचा संबंध थेट लुबाडणुकीशी जोडलेला होता. कुलकर्ण्याचे दप्तर वाचता यावे, एवढा तो रोखठोक होता.

आपले कार्यकर्ते वस्तीत वर्ग चालवतात, पण पुस्तिका सरकारचीच वापरतात. ती बाजूला ठेवून पहिल्याच दिवशी गावचे मस्टर आणि सातबारा पुढ्यात घ्यायला काय हरकत आहे?