सोसणे वेगळे, लागणे वेगळे

उकळती गंधकी कुंडे, बर्फाखालचे पाणी, आम्लाने लाल झालेल्या नद्या अशा ठिकाणी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी, म्हणजेच एक्स्ट्रीमोफाइल्सविषयी, लोकप्रिय विज्ञानलेखनात आता बरेच लिहिले जाते. विद्यार्थ्यांचे कुतूहल त्यामुळे जागे होते, हे मान्यच आहे. परंतु या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. सर्वांत उष्ण, सर्वांत थंड, सर्वांत आम्लधर्मी असे विक्रम सांगायचे आणि सूक्ष्मजीवाला ‘चिवट योद्धा’ ठरवून मोकळे व्हायचे. यात मुख्य प्रश्नच बाजूला पडतो. त्या जीवाला ती परिस्थिती लागते, की तो ती केवळ सोसतो?

थंड आणि त्याच वेळी तीव्र आम्लधर्मी असलेल्या जागी हा फरक चांगला कळतो. अशा जागांचा उल्लेख क्वचितच होतो. आम्ल म्हटले की लेखकांना अमेरिकेतील यलोस्टोनची गरम कुंडेच आठवतात. उत्तर वेल्समध्ये काइ कोख ही पायराइटची जुनी भूमिगत खाण आहे. तिच्यावरील एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ती बंद पडून नव्वदहून अधिक वर्षे झाली होती. आतील तापमान सुमारे ८.५ अंश सेल्सिअस. छतातील पायराइटमधून झिरपणारे पाणी तीव्र आम्लधर्मी होते. छताला लोंबणाऱ्या त्या थेंबांत प्रामुख्याने ॲसिडिथायोबॅसिलस फेरिव्होरन्स हा जिवाणू आढळला.

थंडी हा जिवाणू सोसतो. ४ अंशांनाही तो वाढतो खरा, पण सर्वांत चांगला वाढतो तो ३० अंशांच्या आसपास. त्याला ‘शीतप्रिय’ म्हणणे चूक आहे. तो ‘शीतसह’ आहे. आम्लाची गोष्ट निराळी. फेरस लोहाच्या ऑक्सिडीकरणातून तो ऊर्जा मिळवतो. उदासीन पाण्यात फेरस लोह हवेतील ऑक्सिजनमुळे आपोआप ऑक्सिडीकृत होते आणि तांबड्या गाळाच्या रूपात खाली बसते; जिवाणूच्या वाट्याला फारसे उरत नाही. सामू २ ते ३ असेल, तर हीच क्रिया अत्यंत मंद होते आणि अन्न जणू ताटात वाढलेले राहते. सिंगर व स्टम यांनी १९७० साली दाखवले, की खाणीच्या आम्लधर्मी पाण्यात जिवाणू या क्रियेचा वेग दहा लाख पटींहून अधिक वाढवतात. तयार झालेले फेरिक लोह पायराइटवर क्रिया करते आणि त्यातून पुन्हा फेरस लोह व सल्फ्युरिक आम्ल मिळते. ज्या आम्लावाचून या जिवाणूचे चालत नाही, ते घडवण्यात त्याचाच मोठा हात असतो.

असे जीव आतूनही आम्लधर्मी असतात, हा आणखी एक गैरसमज. पेशीच्या आतील सामू उदासीनाच्या जवळ, साधारण ६.५ असतो. बाहेर तो २.५ असेल, तर हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा हजार पटींचा फरक पडतो. हे आयन सहजासहजी आत येऊ नयेत असे पेशीपटल तर लागतेच. शिवाय जे आत येतात, त्यांच्या ओघावर एटीपी तयार होते.

हा शब्दांचा काथ्याकूट आहे, असे कोणी म्हणेल. पण थंडीत जिवाणू निष्क्रिय असतात असे धरले, तर थंड प्रदेशांतील खाणींच्या टाकाऊ ढिगांविषयी आपण निर्धास्त राहू. थंडी आम्लनिर्मितीचा वेग कमी करते, ती थांबवत नाही, हे काइ कोखच्या छतावरून कळते.

वर्गात दह्याचे उदाहरण घ्यावे. विरजणातील जिवाणूही आम्ल स्वतःच तयार करतात. फ्रिजमध्ये त्यांचे काम मंदावते, तरी दही हळूहळू आंबट होत जाते. मात्र आम्ल फार वाढले की त्यांची वाढ खुंटते. फेरिव्होरन्सची वाढ आम्ल फार कमी झाले की खुंटते. ही तुलना मुलांना लगेच पटेल. मग सूक्ष्मजीवांवरचा एखादा लेख वाचायला द्यावा आणि ‘थंड’, ‘आम्लधर्मी’, ‘खारट’ अशा प्रत्येक विशेषणापुढे ‘सोसतो की लागते?’ हा प्रश्न लिहायला सांगावा. उत्तर लेखात सापडले नाही, तर उणीव लेखाची समजावी.