हौशी छायाचित्रणातील नाव नसलेली माणसे

हौशी छायाचित्रण ही आता मूठभर सुखवस्तू माणसांची चैन राहिलेली नाही. ज्या काळी एका रोळात बारा फोटो निघत आणि रोळ धुण्याचे पैसे महिन्याच्या खर्चात बसत नसत, तो काळ मागे पडला. आज शिरूर-दौंडच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या पोराच्या खिशातही कॅमेरा आहे. पुणे-पिंपरीच्या फोटो क्लबांची मंडळी हिवाळ्यात याच तालुक्यांच्या वाटेने सहलीला येतात. महिन्याला विषय देऊन स्पर्धा होतात, परीक्षक गुण देतात आणि १९ ऑगस्टला प्रदर्शने भरतात. (१८३९ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये दगेरची छायाचित्रणपद्धती जगापुढे जाहीर झाली, म्हणून तो छायाचित्रणाचा दिवस.) आपल्या वस्तीतली मुलेही ही प्रदर्शने पाहतात आणि 'चांगला फोटो' म्हणजे काय ते तिथे शिकतात. म्हणूनच या अभिरुचीची तपासणी करणे हे आपले काम ठरते. शब्दाच्या बाबतीत दलित साहित्याने प्रस्थापित सौंदर्यकल्पनेला जाब विचारला. चित्राच्या बाबतीत तो जाब अजून पुरेसा विचारला गेलेला नाही.

प्रथम या सहलींचा नकाशा पाहू. मोर पाहायला शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली. कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे टिपायला शिरूरजवळचे, पण पारनेर तालुक्यातले निघोज. दौंडच्या पुढे, इंदापूर तालुक्याच्या हद्दीत भिगवण, कुंभारगाव, डिकसळ. तेथे उजनीच्या फुगवट्यात उतरणारे रोहित पक्षी. या ठिकाणांत वाईट काही नाही. मोर सुंदर आहे आणि रोहित पक्ष्याचा थवा उठतो तेव्हा कोणाचेही मन उचंबळून येते. प्रश्न असा, की याच वाटेवर रांजणगावची आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते, ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागतात, गुऱ्हाळांच्या चुलाणापुढे भाजणारी माणसे लागतात, दौंडचे रेल्वे जंक्शन लागते. कॅमेऱ्याची पिशवी या सगळ्यांवरून पुढे सरकते. थांबली तरी ती कशी थांबते, हा खरा मुद्दा आहे.

भिगवणचेच उदाहरण घेऊ. तेथला फोटो काढायचा तर नाव लागते. मच्छीमार समाजातला नावाडी पहाटे नाव काढतो. पक्षी कोठे उतरला आहे, किती जवळ गेले तर बुजेल, ऊन कोणत्या बाजूने यायला हवे, हे सारे त्याला ठाऊक असते. अर्धा फोटो त्यानेच घडवलेला असतो. प्रदर्शनात त्या फोटोखाली पक्ष्याचे मराठी नाव येते, इंग्रजी नाव येते, कधी 'फिनिकॉप्टेरस रोझेयस' असे शास्त्रीय नावही येते. कॅमेऱ्याचे आणि भिंगाचे नाव येते. नावाड्याचे नाव येत नाही.

हा केवळ विसराळूपणा नाही. त्यामागे नियम आहे. अमेरिका, ब्रिटन येथील छायाचित्रण संस्था आणि छायाचित्रकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०१४ मध्ये 'निसर्ग-छायाचित्रा'ची समान व्याख्या ठरवली. त्या व्याख्येनुसार चित्रात मानवी खुणा असू नयेत. अपवाद आहेत. माणसाच्या इमारतीत राहणारे घुबड चालते. शास्त्रज्ञांनी पक्ष्याच्या पायात घातलेले कडे चालते, जनावराच्या गळ्यातला पट्टाही चालतो. स्पर्धेसाठी असा नियम असायला हरकत नाही, असे कोणी म्हणेल. पण उजनीवर हा नियम लावला की काय होते? उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. भीमेचे पाणी मागे चढले आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावे, शिवारे पाण्याखाली गेली. माणसे उठली म्हणून तेथे पाणी आले, पाणी आले म्हणून दलदल झाली आणि दलदल झाली म्हणून रोहित पक्षी आले. ज्या 'निसर्गा'त मानवी खूण नको, तो निसर्गच माणसांच्या विस्थापनातून उभा राहिला आहे. माणूस वगळलेले ते चित्र सुंदर असेल. पूर्ण खरे नाही.

आता माणसांच्या फोटोंकडे वळू. क्लबांच्या प्रदर्शनांत माणसे असतातच, आणि गरिबांची संख्या त्यांत कमी नसते. सुरकुतलेली म्हातारी, धुरात चूल फुंकणारी बाई, नागवे पोर, डोक्यावर मोळी घेतलेली मजूर स्त्री. खाली मथळे असतात: 'जीवनसंघर्ष', 'निरागस', 'श्रम', 'वाट पाहताना'. पक्ष्याला तीन नावे मिळतात आणि बाईला एक भाववाचक नाम! ती कोणत्या गावची, तिला मजुरी किती, तिने फोटोला संमती दिली का, तिला प्रत मिळाली का, यांतले काहीही पाहणाऱ्याला कळत नाही. स्पर्धेत परीक्षकांपुढे छायाचित्रकाराचे नाव झाकलेले असते. निकालानंतर ते ठळक अक्षरांत छापले जाते. फोटोतल्या माणसाचे नाव मात्र आधीही नसते आणि नंतरही नसते.

ही रीत कोठून आली? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. साहेबांबरोबर काही एतद्देशीयही तीत होते. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी एक. या संस्थेच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात एक चित्रमाला निघाली. तिच्या नावातच 'हौशी' हा शब्द होता: 'इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'. जॉन्सन आणि हेंडरसन हे तिचे कर्ते. तीत पश्चिम हिंदुस्थानातील लोकांचे पेहराव आणि नमुने दाखवणारी मालिका होती. पुढे याच विल्यम जॉन्सनने मुंबईतील जाती-जमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसांचे फोटो एकीकडे काढलेले, ते कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेले आहेत. माणूस त्याच्या जागेवरून कापायचा, त्याचे नाव काढायचे आणि खाली जात लिहायची! १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड प्रसिद्ध केले, त्यांतही हेच मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणजे आपल्याकडील हौशी छायाचित्रणाच्या पाळण्यातच जातीचा नमुना निजलेला आहे. आजचा हौशी छायाचित्रकार फोटोखाली जात लिहीत नाही, हे कबूल. पण जातीच्या जागी त्याने 'श्रम' लिहिले आणि नावाची जागा रिकामीच ठेवली, तर बाईची 'नमुना' या पदातून सुटका झाली असे कसे म्हणावे?

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. कला व्यक्तीच्या पलीकडे जाते. नाव लिहिले की चित्र वार्ता होते, नाव काढले की ते वैश्विक होते. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. दलित आत्मकथने आली तेव्हाही 'हे वैयक्तिक आहे, वैश्विक नाही' असे म्हटले गेले होते. 'बलुतं' १९७८ साली आले ते गावाची, माणसांची नावे घेऊन आले, म्हणून त्याचे मोल कमी झाले नाही. आणि एक साधी गोष्ट. प्रतिष्ठितांची छायाचित्रे भिंतीवर लागतात तेव्हा खाली नाव, पदवी, जन्म-मृत्यूची साले असतात. त्यांना वैश्विक होण्याची घाई का नसते? वैश्विकतेचा भार नेहमी मोळीवालीनेच का वाहावा?

दौंड तालुक्यातील केडगावने याची दुसरी बाजू पाहिली आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि त्यातून मुक्ति मिशन उभे राहिले. त्या मुलींची छायाचित्रे परदेशी वाचकांपर्यंत गेली आणि मदतीचा ओघ आला. त्या मदतीने जीव वाचले. ती बाब क्षुल्लक नाही. पण याच केडगावात मुली छापखाना चालवायला शिकल्या, खिळे जुळवू लागल्या. भुकेल्या मुलीचे चित्र दया मागते, छापखान्यात उभी असलेली मुलगी दया मागत नाही. हौशी छायाचित्रकाराला या दोहोंपैकी कोणते चित्र 'हृदयस्पर्शी' वाटते, हे त्याने स्वतःला विचारावे.

आता कोरेगाव भीमाकडे येऊ. गाव शिरूर तालुक्यातले. नदीपलीकडे हवेली तालुक्यातील पेरणे येथे विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८च्या लढाईत कामी आलेल्यांची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, महार सैनिकांची आहेत. त्या लढाईचा अर्थ काय लावावा यावर इतिहासकारांनी वाद घालावेत. पण आपला माणूस वर्षाला तेथे का जातो याचे एक कारण अगदी उघड आहे: तेथे आपली नावे लिहिलेली आहेत. ज्यांना गावाने नावानेही नीट हाक मारली नाही, त्यांची नावे दगडावर आहेत. नावाची किंमत काय, हे याच तालुक्याने डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा पाहिले. वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ महार यांच्याविषयीच्या फलकावरून वाद पेटला, त्यांच्या समाधीची नासधूस झाली आणि १ जानेवारी २०१८ला या परिसरात हिंसाचार झाला. एका पाटीवरच्या नावाने एवढे हादरे बसतात. मग नाव ही कलेबाहेरची किरकोळ बाब आहे असे कोण म्हणेल?

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी आले. त्या दिवशीचा त्यांचा सहकाऱ्यांसह काढलेला फोटो आपल्या घराघरांत आहे. सगळे सरळ उभे, कॅमेऱ्याकडे पाहणारे. आजही १ जानेवारीला लाखो माणसे येतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे स्तंभापुढे तशीच उभी राहून फोटो काढून घेतात. बाप मध्ये, पोरे पुढे, आजीच्या डोक्यावर पदर, हातात निळा झेंडा. क्लबाच्या परीक्षकापुढे हा फोटो ठेवला तर तो पहिल्या फेरीतच बाद होईल. विषय मधोमध आहे, तृतीयांशाचा नियम पाळलेला नाही, माणसे 'पोज' देत आहेत, स्तंभ डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो! नकळत टिपलेला, 'कँडिड' फोटो श्रेष्ठ आणि उभे राहून काढलेला कनिष्ठ, हे या अभिरुचीचे पहिले सूत्र आहे.

पण या सूत्राचा सामाजिक अर्थ काय? नकळत टिपणे म्हणजे समोरच्याला न विचारता टिपणे. ज्याला विचारावे लागत नाही त्याचेच फोटो नकळत टिपता येतात. उच्चभ्रू वसाहतीतल्या बाईचा चूल-पाण्याचा फोटो असा खिडकीतून कोणी काढत नाही. काढला तर पोलीस येतील. आणि सरळ उभे राहून समोर पाहणे, हे ज्यांना शतकानुशतके नाकारले गेले, ज्यांनी वाटेवर अंग चोरायचे आणि नजर खाली ठेवायची, त्यांच्या दृष्टीने छाती पुढे काढून कॅमेऱ्याकडे पाहणे हीच सौंदर्याची पहिली ओळ आहे. बाबासाहेबांच्या छायाचित्रांतला नीट पोशाख आणि रोखलेली नजर यांचा संस्कार आपल्या कौटुंबिक फोटोंवर आहे. त्या फोटोंचे स्वतःचे सौंदर्यशास्त्र आहे. ते समीक्षकांनी अजून लिहिलेले नाही, एवढेच.

आपल्याकडे या कामाचे आदर्शही आहेत. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी चित्रफितीवर घेतली. त्यासाठी त्यांनी छापखाना गहाण ठेवला असे सांगितले जाते. तेथे बक्षीस नव्हते, परीक्षक नव्हते. हे जतन झाले पाहिजे एवढीच निकड होती. अलीकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे काम केले. गटारात उतरणारा माणूस त्यांनी दाखवला आणि तोच माणूस घरी, मुलाबाळांतही दाखवला. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मात्र एका दिवसाच्या सहलीतून असे काम होत नाही, हा त्यातला धडा क्लबांनी घ्यावा.

पण दोष केवळ क्लबांना देऊन भागणार नाही. चळवळीनेही नावे सांभाळलेली नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला बाबासाहेबांबरोबर आलेल्या स्त्री प्रतिनिधींचा फोटो आपण पुन्हा पुन्हा छापतो. त्यांतल्या किती जणींची नावे आपण सांगू शकतो? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथासाठी गावोगाव फिरून अशा स्त्रियांची नावे व हकिकती गोळा केल्या, तेव्हा कितीतरी उशीर झाला होता. आजही आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत पहिल्या मोर्चाचे, विहाराच्या पायाभरणीचे, पहिल्या पदवीधर मुलीचे फोटो पिवळे पडत आहेत. मागे ना नाव, ना साल. आजोबा गेले की तो फोटो मुका होतो. आणि मुका फोटो धोकादायकही असतो. नाव, गाव, तारीख नसलेले जुने चित्र उद्या कोणीही नव्या दंगलीचे म्हणून फिरवू शकतो.

तेव्हा शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, विहारांतील तरुणांनी स्वतःची छायाचित्र मंडळे काढावीत, अशी सूचना आहे. त्यांचे नियम फार नकोत. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. काढला तर प्रत द्यायची. फोटोखाली माणसाचे नाव, गाव, काम आणि तारीख लिहायची. नाव उघड केल्याने कोणाला इजा होणार असेल तर तेही त्यालाच विचारून ठरवायचे. महिन्यातून एकदा वस्तीतल्या म्हाताऱ्यांपुढे जुने फोटो ठेवून ओळखी लिहून घ्यायच्या. प्रदर्शन भरवायचे ते आधी त्या वस्तीत, मग शहराच्या दालनात. रोहित पक्ष्यांचे फोटोही जरूर काढावेत. शास्त्रीय नाव लिहावे, आणि त्याच ओळीत नाव वल्हवणाऱ्याचेही लिहावे. प्रस्थापित क्लबांनी हे नियम घेतले तर त्यांचे स्वागतच आहे. न घेतले तरी आपले काम अडत नाही. कॅमेरा आता आपल्याही हातात आहे. तो दुसऱ्याच्या डोळ्याने वापरायचा की आपल्या, एवढेच ठरवायचे आहे.