उपवास, लंघन आणि उपोषण

पर्यायी शब्दांचा कोश विकत घ्यायचा असला की मी आधी 'उपवास' हा शब्द काढून बघते. तिथे उपास, उपोषण, लंघन, अनशन, निराहार हे सगळे नुसते स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असले, तर तो कोश मराठी शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्यायचा नाही, हे माझं ठरलेलं.

कारण हे शब्द एका पंक्तीचे नव्हेतच. लंघन वैद्य सांगतो, तब्येतीसाठी. उपोषण मागणीसाठी, तेही मांडव घालून, चार लोकांत. अनशन म्हटलं की आपल्याला बाह्य तपातलं पहिलं तप आठवतं. हिंदी वर्तमानपत्रांनी मात्र त्याला आंदोलनात ओढलं. शेजारच्या काकूंच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते. आपल्या उपवासात अन्नाचा कण नाही. पाणी घ्यायचं की तेही नाही, एवढाच काय तो प्रश्न. एकाशन आणखी वेगळं, दिवसातून एकदाच, एका बैठकीत. आणि ऊनोदर म्हणजे भूक ठेवून उठणं, त्यात उपवास कुठे आला? नव्या सुनेनं पर्युषणावर दोन पानं लिहिली आणि 'उपवास' चारदा आला म्हणून पाचव्यांदा 'लंघन' घातलं, तर वाचणाऱ्या बायका हसणारच. हसू तिच्या वाट्याला, चूक कोशाची.

पर्यायी कोश हा लिहिणारीसाठी. शब्द तिला ठाऊक असतो, ऐनवेळी आठवत नाही एवढंच. शिकणारीची गरज निराळी. आमच्या बेळगाव-निपाणीकडे कन्नड बोलणाऱ्या घरातल्या मुली मराठी घरात सून म्हणून येतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. इथे मात्र पलंग तो, खाट ती आणि त्यावरचं अंथरूण ते! अर्थ कळूनही वाक्य अडतं. म्हणून तिच्यासाठी लिंग दाखवणारा कोश हवा, आणि जमल्यास सामान्यरूपंही: मूल-मुलाला, पाणी-पाण्यात. त्यासाठी यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' जवळ असावा.

मोल्सवर्थचा कोश 1831 चा, सुधारलेली आवृत्ती 1857 ची. मला तो फार आवडतो. घरादारातले, शेतावरचे इतके शब्द त्यात आहेत की एक शोधायला जावं आणि तासभर तिथेच रमावं. पण अर्थ इंग्रजीत, आणि लेखन 'करणें', 'पारणें' अशा जुन्या अनुस्वारांचं. 1962 च्या नियमांनी ते अनुस्वार गेले. शिकणारीनं तिथून लेखन उचललं की गोंधळच.

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' म्हणजे सात जाडजूड खंड, वर पुरवणी. कपाटाची अख्खी फळी जाते. पण शब्द कुठल्या ग्रंथात आलाय, गोव्याकडचा की वऱ्हाडातला, हे तो सांगतो, आणि लिहिणारीला नेमकं तेच हवं असतं. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश फुकट शोधता येतात, तेव्हा फळी नसली तरी अडत नाही.

राहिले खिशात मावणारे छोटे कोश. त्यांत 'पारणे' काढून बघा. पुढे नुसतं 'भोजन' लिहिलेलं असलं तर तिथेच ठेवून द्या. उपवास सुटल्यावरचं पहिलं जेवण, एवढं सांगायला कितीशी शाई लागली असती?