रक्तपिपासू पिशाच्च आणि क्रूस

हिवरखेडसारख्या वऱ्हाडी गावात भुतांची नावे विचारली, तर मुंजा, हडळ, वेताळ ही नावे सहज निघतील. परंतु कबरीतून उठणारा, माणसाचे रक्त पिणारा आणि ज्याला डसेल त्याला आपल्यासारखे करणारा 'व्हॅम्पायर' आपल्या मातीतला नव्हे. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात हा शब्द घातला. तो अन्याय्य होता. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तील वेताळ प्रेतात शिरतो खरा. पण तो राजाला न्यायाची कोडी घालतो आणि अखेर कपटी साधूपासून वाचवितो. गोव्यात तर बेताळ ग्रामरक्षक देव मानला जातो.

युरोपातील पिशाच्च खेड्यांतल्या अफवांतून जन्मले. बेनेडिक्टाईन मठवासी ऑगस्टीन काल्मे यांनी १७४६ मध्ये त्या हकिकती ग्रंथरूपाने तपासल्या. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी प्रेते उकरून त्यांची विटंबना करण्यास बंदी केली. अफवा ओसरली, साहित्याने मात्र पिशाच्च जिवंत ठेवले.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) पवित्र भाकरीचा चुरा करून कबरीच्या फटी बुजविल्या जातात. येथे आमचा आक्षेप आहे. प्रभूने ती भाकर भक्षणासाठी दिली, लांबीसारखी लिंपण्यासाठी नव्हे. लेखकाने संस्काराचा जादूटोणा केला. मात्र घरातील कोणी बोलावल्याविना पिशाच्च प्रथम आत येऊ शकत नाही, हा त्याचा नियम मार्मिक आहे. मोहाचेही तसेच असते. कडी आतूनच निघते.

स्टीफन किंगने 'सेलम्स लॉट'मध्ये (१९७५) अधिक खोल पाहिले. तेथे फादर कॅलहन यांच्या हातातील क्रूस तेजाळतो. परंतु तो बाजूला टाकून केवळ श्रद्धेवर उभे राहा, असे आव्हान पिशाच्च देते. धर्मगुरू कचरतात, तेज विझते. संस्काराची कृपा धर्मगुरूच्या गुणांवर अवलंबून नसते. पण क्रूसाची प्रतिमा हा संस्कार नव्हे. श्रद्धेविना हाती धरली तर तिचा ताईत होतो. हे किंगने अचूक ओळखले. नारायण धारपांनी 'लुचाई' याच कादंबरीवर बेतली आणि हे परके पिशाच्च मराठी घरांत पोचले.

अशी पुस्तके मुलांच्या हातून हिसकावू नयेत, असे आम्हांस वाटते. त्यांच्याबरोबर वाचावीत आणि एकच विचारावे : दुसऱ्याचे रक्त पिऊन जगणारा कोण, आणि स्वतःचे रक्त देऊन जगविणारा कोण?